पूजेतल्या फ्लॉप्या

जुन्या कॉम्प्युटरच्या आठवणी काढून हळवी होणारी माणसं हल्ली फार भेटतात. तो हिरव्या अक्षरांचा पडदा, फ्लॉपी घातल्यावरची घरघर, लाईट गेली की डोळ्यांदेखत उडालेलं काम, हे सगळं सांगताना त्यांचे चेहरे उजळतात. मला त्यांचा राग येतो. त्यांची यात काही चूक नाही हे कळतं, तरी येतो. आमच्याही घरात असा एक कॉम्प्युटर होता. त्याची आठवण निघाली की मला गहिवरून वगैरे येत नाही, मी विषय बदलते.

आम्ही वसईला गोखिवऱ्यात तळमजल्यावर राहायचो. मूळ रत्नागिरीकडचे, पण बाबा नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले. जवळच्याच एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायच्या खात्यात ते होते. तळमजला मुद्दाम घेतला होता, कारण दादाला जिना चढता येत नव्हता. वसईतला तळमजला म्हणजे काय ते राहिलेल्यालाच कळेल. भिंतीला ओल, ट्यूबलाईटभोवती चिलटं, आणि पावसाळ्यात कपाट उघडलं की चपलांपासून अल्बमपर्यंत सगळ्यावर बुरशी. आई कपड्याने पुसत राहायची आणि बिल्डरला शिव्या घालायची. त्या शिव्यांत मी लहानपणापासून तयार झाले.

दादा माझा मोठा भाऊ. त्याला अंगातले स्नायू झिजत जायचा आजार होता. शाळेत असताना तो उगाचच पडायला लागला, मग पडल्यावर उठता येईना, मग चालणंच गेलं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईबाबांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आईने दादाला एकदाही 'मोठा झालास की' असं म्हटलं नाही. आधी ती उठता-बसता म्हणायची. दादाच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं.

बाबांना रेडिओचा नाद होता. ते त्याला नाद म्हणत नसत, काम म्हणत. कारखान्यातून आले की चहा घेऊन ते बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसत, आणि मग सोल्डरिंगचा वास घरभर. कॉलनीतले रेडिओ, टेपरेकॉर्डर, मंडळाचे लाऊडस्पीकर, सगळं आमच्याकडे यायचं. त्यांचा एक नियम होता, घेतलं ते पूर्ण करायचं. उघडलेला रेडिओ दुरुस्त व्हायच्या आधीच कोणी परत नेला तर ते दोन दिवस घुम्यासारखे वागत. दादाच्या खुर्चीलाही त्यांनीच चाकं लावली होती, बेअरिंग घालून, आणि हात ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या, त्यावर फोम, त्यावर रेक्झिन. कुठल्याही दुकानात मिळाली नसती अशी खुर्ची होती ती.

कॉम्प्युटर आला तो बाबांच्या कारखान्यातून. ऑफिसात नवीन मशिन आलं म्हणून मालकाने जुनं बाबांना घरी न्यायला सांगितलं. त्याला हार्डडिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालायच्या दोन खाचा होत्या, एकीत कॉम्प्युटर चालू करायची फ्लॉपी आणि दुसरीत आपलं काम. त्या फ्लॉप्याही जुन्या, मोठ्या, काळ्या, वाकणाऱ्या, मध्ये भोक असलेल्या. बाबांना वाटलं होतं दादा त्याच्यावर हिशेब वगैरे शिकेल, घरबसल्या काहीतरी करेल. दादाने सोबत आलेल्या पुस्तकावरून 'बेसिक' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून घेतली आणि खेळ करायला घेतला.

तो खेळ अर्नाळ्याचा होता. दादाचं चालणं नुकतं गेलं होतं तेव्हा बाबांनी त्याला एकदा पाठीवर घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नेलं होतं, समोरच्या बेटावरचा किल्ला दाखवायला. मीही बरोबर होते. ओहोटी होती. होडीवाला म्हणाला, "पानी चढू दे, मंग नेतो. आता गेलो तं रेतीवर बसंल होडी." आम्ही सुकत घातलेल्या मासळीच्या वासात बसून राहिलो. पाणी चढलं तेव्हा दोन कोळ्यांनी दादाला उचलून होडीत ठेवलं. परत येईपर्यंत तो पाण्याकडेच बघत होता. माझ्या आठवणीत तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस आहे.

दादाच्या खेळात पडद्याच्या डाव्या बाजूला किनारा, उजव्या बाजूला किल्ला, मध्ये पाणी. सगळं अक्षरांचं आणि रेघांचं. पाणी हळूहळू चढायचं आणि उतरायचं. रेतीचे उंचवटे पाण्याखाली कुठे आहेत ते लक्षात ठेवायचं आणि पुरेसं पाणी आल्यावरच होडी हाकायची. घाई केली की होडी रुतली.

"हा कसला खेळ, नुसतं थांबायचं?" मी म्हणाले होते. माझी होडी दर वेळी रुतायची.

"तुला नाही जमणार," तो हसला. "बाबांना जमेल."

त्याला तेवढंच हवं होतं. बाबांनी एकदा कॉम्प्युटरसमोर बसून होडी पलीकडे न्यायला हवी होती. पण बाबांच्या लेखी ते काम नव्हतं. "खेळ करतोय," असं ते कोणी विचारलं की सांगत, आणि तो शब्द ते असा उच्चारत की पुढे कोणी काही विचारू नये. दादा 'बघा ना जरा' म्हणाला की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "पूर्ण झाला की बघू. अर्धवट काम मला दाखवू नकोस." मला ते ऐकून चीड यायची. दादाला नाही. तो म्हणायचा, बरोबर आहे त्यांचं, अर्धा रेडिओ ते तरी कोणाला वाजवून दाखवतात?

वर्षभर तो त्या खेळामागे होता. सुरुवातीला दोन्ही हातांनी टाईप करायचा, मग एका. मग उजवं मनगट डाव्या हाताने उचलून कीबोर्डवर ठेवायला लागला. एक ओळ झाली की लगेच फ्लॉपीवर साठवायची, कारण आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत काढायची, कारण फ्लॉपीचाही भरवसा नव्हता. त्याच्याइतकं नीटनेटकं काम करणारा माणूस मी नंतर नोकरीत पाहिला नाही, आणि नोकरीत मी नुसत्या इंजिनियरांमध्येच वावरले.

त्या वर्षी नवरात्र बसलं तेव्हा तो म्हणाला, "झालाच आहे. दसऱ्याला बाबांना दाखवतो." हे त्याने मला सांगितलं आणि मी आईला, आणि आईने बाबांना सांगितलं असणार. अष्टमीच्या संध्याकाळी बाबा दादाच्या खोलीच्या दारात उभे राहिलेले मी पाहिले. दादाची त्यांच्याकडे पाठ होती. मनगट उचलून ठेवायचं, एक बटण दाबायचं, पुन्हा उचलून ठेवायचं. बाबा बराच वेळ बघत होते आणि मग टेबलाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीही गरम केली नाही. सोल्डरिंगची इस्त्री, कपड्यांची नव्हे.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बहुतेक मराठी घरांत असते, पण आमच्याकडे जरा जास्तच. नवमीला सकाळी पाट मांडायचा, त्यावर धुतलेलं वस्त्र, आणि त्यावर बाबांचं सगळं सामान पुसूनपासून ठेवायचं. पक्कड, पाने, मीटर, इस्त्री. आईची विळी आणि कात्री. माझी पुस्तकं. हळदकुंकू, झेंडू, आरती. आणि एकदा पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायची नाही. हत्यारांनाही विसावा हवा, असं बाबांचं म्हणणं. आईला भाजी चिरायला विळी लागली तरी ती शेजारून मागून आणायची.

त्या वर्षी दादा झोपेत असताना बाबा त्याच्या खोलीत गेले आणि त्याच्या सगळ्या फ्लॉप्या घेऊन आले. मूळ आणि प्रती, दोन्ही. कॉम्प्युटरच्या खाचेत राहिलेलीसुद्धा त्यांनी अलगद काढून आणली, कारण पूजेत ठेवायचं तर सगळं ठेवायला हवं. त्यांनी त्या फडक्याने पुसल्या, गठ्ठा केला. पाटावर त्यांचा सगळ्यात आवडता लाऊडस्पीकर होता, मंडळाने टाकून दिलेला आणि त्यांनी पुन्हा बोलता केलेला. तो त्यांनी पालथा ठेवला होता, त्यामुळे त्याचं मागचं जाडजूड लोहचुंबक चौरंगासारखं वर आलं होतं. पाटावरची ती सगळ्यात उंच जागा. तिथे त्यांनी दादाच्या फ्लॉप्या ठेवल्या, त्यावर कुंकू लावलं आणि एक झेंडूचं फूल ठेवलं.

वाचणाऱ्याला कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही, आईला कळायचा प्रश्नच नव्हता. बाबांना का कळलं नाही, हे मात्र मी पुढे कितीतरी वेळा मनात उलटसुलट केलं आहे. गाण्याच्या कॅसेट स्पीकरवर ठेवल्या की तेच माझ्या अंगावर ओरडायचे, लोहचुंबकाने टेप पुसते म्हणून. पण त्यांनी फ्लॉपी कधी उघडून पाहिली नव्हती. ती काळी, चपटी, गोल भोकाची वस्तू त्यांना टेपसारखी वाटलीच नाही. ती त्यांना तबकडी वाटली. ग्रामोफोन दुरुस्त करण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं, आणि रेकॉर्डला लोहचुंबकाने काहीही होत नाही.

मी दादाला खुर्चीत बसवून आरतीला बाहेर आणलं. त्याने पाटाकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबा हात जोडून, डोळे मिटून उभे होते. दादाचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं तो भारावला आहे. आरतीत त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, फ्लॉप्या त्याच्या टेबलावर परत आल्या. बाबा म्हणाले, "दाखवणार होतास ना?" दादा म्हणाला, "उद्या दाखवतो, आज दमलोय."

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात गेल्यावर त्याने मला एकेक फ्लॉपी घालायला सांगितली. कॉम्प्युटर चालूच होईना. चालू करायची फ्लॉपीही त्या गठ्ठ्यात होती. आईने शेजाऱ्याला कारखान्याच्या ऑफिसात पाठवून दुसरी मागवली. मग दादाचं काम असलेल्या फ्लॉप्या. खाचेतून घर्र घर्र आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा आणि पडद्यावर यायचं की वाचता येत नाही. सगळ्या संपल्या. मग प्रती. त्याही संपल्या. तेव्हा त्याने मला दार लावायला सांगितलं आणि लोहचुंबकाचं सांगितलं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"आरतीच्या वेळी."

"मग बोलला का नाहीस?"

"तोपर्यंत त्या तिथे बराच वेळ होत्या. गेल्याच असणार," तो म्हणाला. "आणि बाबा हात जोडून उभे होते गं."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. मूर्ख म्हणाले, बावळट म्हणाले. एखादी तरी वाचली असती, ओरडायचं होतंस, पूजाबिजा गेली खड्ड्यात. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, बाबांना सांगायचं नाही, आईलाही नाही. बुरशी लागली म्हणून सांगायचं. आपल्या घरात सगळ्यालाच लागते, पटेल त्यांना. आणि त्याने मला त्याच्या गळ्याची शपथ घातली. त्याच्या गळ्याची. त्या काळात आमच्या घरात त्या शपथेला काय वजन होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. मी आजही त्याच्यावर चिडते ती या शपथेसाठी.

बाबांना पटलं. इतकं पटलं की पुढच्याच रविवारी त्यांनी लाकडाची एक पेटी केली, आत छोटा बल्ब, बाजूला हवेला जाळी. बल्बच्या उबेने आत ओल धरत नाही. ऑफिसातून कोऱ्या फ्लॉप्या मागून आणल्या आणि पेटीत लावून ठेवल्या. "आता काही होत नाही," ते म्हणाले. "कर परत. डोक्यात आहे ना सगळं?"

"आहे," दादा म्हणाला. "करतो."

त्याने करून पाहिलं. दिवाळीपर्यंत त्याला डाव्या हाताने उजवं मनगट उचलता येईना. मी उचलून ठेवायचे, तर बोट बटण दाबेना. मग तो सांगायचा आणि मी टाईप करायचे. तेही जमलं नाही. दोन-चार ओळी सांगून तो अडायचा, त्या खोडायला सांगायचा, पुन्हा अडायचा. हात चालताना जे सुचत गेलं होतं ते नुसतं बसून आठवत नव्हतं, आणि जास्त बोललं की त्याला धाप लागायची. एका संध्याकाळी तो म्हणाला, "राहू दे." मी कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर तो पुन्हा चालू झाला नाही.

आणि मग बाबांचं सुरू झालं. आधी आडून, मग सरळ. "हातातलं काम अर्ध्यात सोडायचं नसतं." "एकदा गेलं म्हणून काय झालं, मी एकेक रेडिओ तीनतीनदा उघडलाय." "तुझ्यात चिकाटीच नाही." पाहुणे आले की त्यांच्यासमोरही. आई डोळ्यांनी दटावायची, ते थांबायचे नाहीत. दादा खाली बघून ऐकायचा. एकदा मी तोंड उघडलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत बसले.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्याला छातीत कफ झाला आणि तो गेला. लांबड लावण्यासारखं त्यात काही नाही. एका आठवड्याचा खेळ होता. कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला.

पुढे कॉलनीत घरोघरी कॉम्प्युटर आले, स्टेशनजवळ सायबर कॅफे निघाले, रेडिओ दुरुस्तीला कोणी येईनासं झालं. मी नोकरीला लागले, लग्न केलं ते वसईतच. आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे घेऊन आले. बाबांनी टेबल आणलं नाही, हत्यारं कोणाकोणाला देऊन टाकली. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. कोणी कॉम्प्युटरचं बोललं की ते म्हणायचे, "आमच्या मुलाने त्या काळात खेळ केला होता. बुरशीने खाल्ला. परत करायला हवा होता त्याने, पण अर्ध्यात सोडला." दर वेळी शेवटचं वाक्य तेच. मेलेल्या मुलाची लोक स्तुती करतात. आमचे वडील अजून त्याला रागवत होते आणि मी अजून शपथ पाळत होते.

एका रविवारी माझ्या ऑफिसातलं एक जोडपं जेवायला आलं होतं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. ती माणसं गेल्यावर बाबा गॅलरीत मटार सोलत बसले आणि माझा तोल गेला.

"बाबा, त्याने सोडलं नव्हतं," मी म्हणाले. "त्याचे हात चालत नव्हते. एवढं तुम्हाला दिसलं नाही? इतकी वर्षं लोकांसमोर त्याला नावं ठेवताय."

ते शेंगा सोलत राहिले.

"मला दिसलं नाही?" ते मग म्हणाले. "त्याला रोज आंघोळ मीच घालायचो. साबण हातात धरता येईना ते तुम्हाला कोणाला कळायच्या आधी मला कळलं होतं."

"मग का बोलत होतात त्याला?"

"त्याला कळत होतं, माझं त्याच्या हातांकडे लक्ष असायचं ते. मी बोलायचा थांबलो असतो, तर त्याला वाटलं असतं, आता बाबांनीही आशा सोडली." त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "जो बरा होणार आहे त्यालाच माणूस रागावतो ना?"

मला लोहचुंबकाचं सांगायचं होतं. त्या क्षणी ते सांगून टाकावं असं फार वाटलं, दादासाठी नाही, मला एकटीला ते पेलवत नव्हतं म्हणून. पण बाबांनी पुढची शेंग घेतली होती आणि तिच्यातला दाणा त्यांना काढता येत नव्हता.

"आता कशाला बोलता मग?" मी विचारलं. "आता तर तो नाही."

"सवय लागली," बाबा म्हणाले. "आणि थांबलो की तो गेल्यासारखं वाटतं."

मी त्यांच्या हातातली शेंग घेतली आणि सोलायला बसले.